नाव सांगा, पत्ता मिळवा : एका ओळीच्या प्रश्नाची चाळीस वर्षे

१/
पर्ल, पायथॉन, पीएचपी, रुबी वा जावास्क्रिप्ट यांपैकी कोणत्याही भाषेत डोमेन नावावरून आयपी पत्ता मिळवायचा असेल, तर एक ओळ पुरते. फंक्शनचे नाव लिहायचे, कंसात डोमेन नाव द्यायचे, उत्तर हाती येते. या ओळीचा साचा १९८३ मध्ये ठरला. त्या काळी उत्तरासाठी प्रोग्रॅमला जाळ्यात कोठेही जावे लागत नसे. ते त्याच यंत्रावरच्या एका फाइलीत लिहिलेले असे. पुढे फाइलीची जागा जगभर पसरलेल्या यंत्रणेने घेतली, साचा मात्र तसाच राहिला. स्क्रिप्टिंग भाषांनी त्याचे परिणाम कसे निस्तरले, त्याचा हा धागा.

२/
आधी फाइलीविषयी. १९६९ मध्ये सुरू झालेल्या अर्पानेटवर प्रत्येक यंत्राला अंक होता, पण माणसांना नावे हवी होती. प्रत्येक केंद्र आपल्या सोयीने दुसऱ्यांना नावे देई. एकच यंत्र तीन ठिकाणी तीन नावांनी ओळखले जाई. सप्टेंबर १९७१ मध्ये पेगी कार्प यांनी आरएफसी २२६ या टिपणात सर्वांनी एकच नाव वापरावे, असे सुचवले. १९७४ च्या सुमारास ही यादी एका ठिकाणी, एका फाइलीत, यंत्राला वाचता येईल अशा रूपात ठेवण्याचे ठरले. फाइलीचे नाव होस्ट्स-डॉट-टेक्स्ट.

३/
ही फाइल कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या नेटवर्क माहिती केंद्रात राही. केंद्राच्या प्रमुख एलिझाबेथ फाइनलर. सहकाऱ्यांत त्या ‘जेक’ म्हणून परिचित होत्या. त्यांचे शिक्षण जीवरसायनशास्त्रातले. रासायनिक संयुगांच्या प्रचंड सूचीचे काम करता करता त्या माहितीच्या मांडणीकडे वळल्या आणि १९७२ मध्ये डग्लस एंगलबार्ट यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. हजारो संयुगांना निःसंदिग्ध नावे देण्याच्या कामातून आलेली व्यक्ती जाळ्यातील यंत्रांच्या नावांची व्यवस्था पाहू लागली, हा योगायोग इतिहासकारांनी अजून पुरेसा टिपलेला नाही.

४/
नवे यंत्र जोडले की त्याची माहिती केंद्राला कळवायची. केंद्र ती फाइलीत नोंदवणार. बाकी सर्वांनी वेळोवेळी नवी फाइल उतरवून घ्यायची. नावाचे नियमही लिहिलेले होते: जास्तीत जास्त २४ अक्षरे, आणि त्यांत फक्त रोमन अक्षरे, अंक, आडवी रेघ व टिंब. लहान-मोठ्या लिपीत भेद नाही. रोमनपलीकडची लिपी कोणाच्या मनातही नव्हती. या नियमाची गाठ धाग्याच्या शेवटी पुन्हा पडेल.

५/
प्रोग्रॅमने नाव विचारावे आणि यंत्राने उत्तर द्यावे, ही सोय या काळातही होती. मार्च १९८२ च्या आरएफसी ८११ मध्ये माहिती केंद्रातील एका सर्व्हरचे वर्णन आहे. त्याच्या १०१ क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी करून नाव पाठवले की यादीतील नोंद परत येई. म्हणजे जाळ्यातून नाव विचारण्याची कल्पना डीएनएसच्या आधीची आहे. सर्व्हर एकच होता, एवढाच फरक. पण रोजच्या वापरात प्रोग्रॅम जवळची फाइलच वाचत.

६/
आता १९८३. ऑगस्टमध्ये बर्कली विद्यापीठाची ४.२ बीएसडी ही युनिक्सची आवृत्ती बाहेर पडली. जाळ्याशी बोलण्याचे ‘सॉकेट’ हे साधन तिच्यासोबत सर्वदूर पोचले. तिच्यातच एक छोटे फंक्शन होते : गेटहोस्टबायनेम, म्हणजे ‘नावावरून यंत्र मिळवा’. ते ईटीसी या निर्देशिकेतील होस्ट्स नावाची फाइल उघडे, वरून खाली वाचत जाई आणि नाव सापडले की पत्ता परत करी. माहिती केंद्राच्या यादीतून ही स्थानिक फाइल तयार करून देणारा एचटेबल नावाचा प्रोग्रॅमही सोबत होता.

७/
या फंक्शनच्या घडणीत तीन गोष्टी गृहीत होत्या आणि त्या काळी त्या रास्तही होत्या.
फाइल वाचायला कितीसा वेळ लागणार? म्हणून उत्तर येईपर्यंत प्रोग्रॅमने थांबून राहायचे.
नावाला पत्ता एकच. उत्तराच्या रचनेत पत्त्यासाठी जागाच एक होती.
आणि फाइल आपली स्वतःची, तेव्हा तिच्यावर संशय घेण्याचे कारण नाही.

८/
तीनच महिन्यांनी, नोव्हेंबर १९८३ मध्ये, पॉल मोकापेट्रिस यांची आरएफसी ८८२ आणि ८८३ ही दोन टिपणे प्रसिद्ध झाली. मोकापेट्रिस दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत होते. त्यांचे वरिष्ठ जॉन पोस्टेल यांनी नावांच्या प्रश्नावरचे पाच प्रस्ताव त्यांच्यापुढे ठेवून त्यांतून तडजोड काढायला सांगितले होते. त्यांनी पाचही बाजूला ठेवून स्वतःची रचना केली. नावांचा एक वृक्ष, त्याच्या प्रत्येक फांदीची जबाबदारी वेगळ्या संस्थेकडे, उत्तर शोधायचे ते एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जात जात. हेच डीएनएस.

९/
या तीन महिन्यांच्या अंतराकडे नीट पाहायला हवे. गेटहोस्टबायनेम जन्मले तेव्हा डीएनएस कागदावरही प्रसिद्ध झालेले नव्हते. डीएनएसमध्ये उत्तराला वेळ लागू शकतो, उत्तर येतच नाही असेही होते, एका नावाला अनेक पत्ते असू शकतात आणि उत्तर देणारा अनोळखी असतो. तिन्ही गृहीतके एका फटक्यात खोटी ठरली.

१०/
मग फंक्शन बदलले का? नाही. बर्कलीतील डग्लस टेरी, मार्क पेंटर, डेव्हिड रिगल आणि सोंगनियान झोउ या चार विद्यार्थ्यांनी १९८४ मध्ये बाइंड हा डीएनएस सर्व्हर लिहिला. १९८६ च्या ४.३ बीएसडीमध्ये गेटहोस्टबायनेमच्या पोटात फाइल वाचण्याऐवजी जाळ्यातून विचारणा करणारा ‘रिझॉल्व्हर’ बसवण्यात आला. बाहेरचे नाव तेच, कंसातला मजकूर तोच. जुने प्रोग्रॅम पुन्हा लिहावे लागू नयेत, ही त्यामागची व्यवहारी दृष्टी होती आणि तिला दोष देता येत नाही. डीएनएस इतके झपाट्याने रुजले त्याचे श्रेय या निर्णयालाही आहे.

११/
एक खूण मात्र आजही दिसते. ४.२ मध्ये उत्तराच्या रचनेत ‘पत्ता’ असा एकच रकाना होता, ४.३ मध्ये तेथे ‘पत्त्यांची यादी’ आली. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून ‘पत्ता म्हणजे यादीतील पहिला पत्ता’ अशी एक व्याख्या जोडण्यात आली. ती ओळ आजच्या लिनक्समधील सी भाषेच्या शीर्षफाइलीतही आहे. एकच पत्ता असण्याच्या काळाचा तो जीवाश्म म्हणावा लागेल.

१२/
आता स्क्रिप्टिंग भाषांकडे. डिसेंबर १९८७ मध्ये लॅरी वॉल यांनी पर्लची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली; फेब्रुवारी १९९१ मध्ये गिडो व्हान रॉसम यांची पायथॉन सार्वजनिक झाली; १९९५ मध्ये रास्मुस लेरडॉर्फ यांची पीएचपी आणि युकिहिरो मात्सुमोतो यांची रुबी. या भाषांचा आतला सांगाडा सी भाषेत लिहिलेला. नावाची विचारणा करण्याची सोय देताना त्यांनी सीमधले गेटहोस्टबायनेम उचलले आणि त्यावर आपापले पातळ आवरण चढवले. पर्लमध्ये तर फंक्शनचे नावही बदलले नाही. एका ठरावीक रीतीने बोलावले, तर त्यातून पत्त्याचे चार कच्चे बाइट जसेच्या तसे बाहेर येत. ते वाचण्याजोगे करण्यासाठी आणखी एक फंक्शन लागे.

१३/
त्याआधीच्या शेल स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांची स्थिती याहून बिकट होती. ते एनएसलुकअप हा प्रोग्रॅम चालवत आणि त्याच्या छापील उत्तरातून हवी ती ओळ कापून घेत. हे उत्तर माणसाने वाचण्यासाठी होते. २००० साली आलेल्या बाइंड ९ सोबतचा एनएसलुकअप, ‘हा प्रोग्रॅम आता वापरातून जाणार आहे’ अशा अर्थाची सूचना छापू लागला. ओळी मोजून पत्ता काढणाऱ्या स्क्रिप्टला सूचना आणि उत्तर यांतला फरक कसा कळणार? गंमत अशी, की एनएसलुकअप वापरातून कधीच गेला नाही; सूचनाच पुढे काढून टाकण्यात आली.

१४/
पहिले गृहीतक मोडले ते वेळेचे. नव्वदच्या दशकात वेब सर्व्हरच्या नोंदवहीत कोणकोणत्या यंत्रांनी भेट दिली ते लिहिले जाई. अंकांपेक्षा नावे बरी म्हणून प्रत्येक पत्त्याचे नाव उलट दिशेने विचारले जाई. अपाची सर्व्हरच्या १.३ पूर्वीच्या आवृत्त्यांत हे आपोआप होई. १९९८ च्या १.३ मध्ये ते मुळातच बंद ठेवण्यात आले. ज्यांना नावे हवीत त्यांनी नोंदवही नंतर वेगळ्या प्रोग्रॅममधून काढावी. कारण साधे होते : प्रत्येक पाहुण्याचे नाव विचारण्यासाठी सर्व्हर दारातच थांबून राही.

१५/
खोळंबा किती? लिनक्सवरील रिझॉल्व्हर मूळ मांडणीत एका सर्व्हरच्या उत्तराची ५ सेकंद वाट पाहतो आणि असे २ प्रयत्न करतो. माणसाला हा काळ फार वाटणार नाही. पण हजार ओळींची नोंदवही एकामागून एक सोडवणाऱ्या पर्ल स्क्रिप्टच्या दृष्टीने त्यातल्या शंभर नावांची उत्तरे आली नाहीत, की पाव तासाची माती झाली असे समजावे किंवा त्याहून वाईट.

१६/
हाच धडा पायथॉनने बऱ्याच उशिरा गिरवला. तिच्या अंगभूत वेब सर्व्हरमध्ये प्रत्येक विनंतीची नोंद करताना पाहुण्याचे नाव विचारले जाई. ज्या जाळ्यात उलट विचारणेचे उत्तर येत नसे, तेथे साधे पान उघडायलाही सेकंदच्या सेकंद लागत. लिहिणारा आपल्याच प्रोग्रॅममध्ये दोष शोधत बसे. २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून ही विचारणा काढून टाकण्यात आली आणि नोंदीत नुसता पत्ता येऊ लागला. अपाचीचा निर्णय त्याच्या चौदा वर्षे आधीचा.

१७/
उत्तर न येण्याचेही प्रकार असतात. ४.३ बीएसडीने ते चार ठरवले होते : असे नावच नाही, तात्पुरती अडचण आहे, पुन्हा विचारा, सुधारणार नाही असा बिघाड आहे, नाव आहे पण त्याला पत्ता नाही. हा भेद महत्त्वाचा आहे. पहिल्या प्रसंगी नाव यादीतून काढून टाकणे योग्य, दुसऱ्या प्रसंगी तसे करणे घातक.

१८/
भाषांनी हा भेद कसा जपला ते पाहण्यासारखे आहे. पायथॉन अपवाद उभारते आणि प्रोग्रॅमला थांबून विचार करायला लावते. पर्लमध्ये अपयशाचे कारण डॉलर व प्रश्नचिन्ह मिळून बनलेल्या विशेष चलात ठेवले जाते. त्याच चलात एरवी दुसऱ्या प्रोग्रॅमच्या शेवटाचा अंक असतो, त्यामुळे ते तेथे असेल असे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पीएचपीची तऱ्हा सर्वांत निराळी. तिचे गेटहोस्टबायनेम अपयश आले, तर दिलेले नावच उत्तर म्हणून परत करते. पत्ता विचारावा आणि समोरच्याने आपलेच नाव आपल्याला ऐकवावे! उत्तर प्रश्नासारखेच आहे का, हे तपासण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर. हे वर्तन आजही तसेच आहे.

१९/
खोळंब्यावर एक उपाय होता : सी भाषेतील फंक्शन सोडून द्यायचे आणि डीएनएसचा संवाद आपल्याच भाषेत लिहायचा. डीएनएसचा प्रश्न म्हणजे काही बाइटांचे छोटे पाकीट. ते बांधणे आणि उत्तराचे पाकीट उलगडणे कठीण नाही. १९९७ मध्ये मायकल फ्यूर यांनी पर्लसाठी नेट-डीएनएस ही लायब्ररी लिहिली. पायथॉनसाठी बॉब हॅली यांची डीएनएसपायथॉन आली. आता पत्त्याखेरीज टपालाचा सर्व्हर कोणता, नावांची जबाबदारी कोणाकडे, अशा इतर नोंदीही विचारता येऊ लागल्या.

२०/
रुबीला हा उपाय सर्वांत निकडीचा होता. १.८ पर्यंतच्या रुबीतील सर्व थ्रेड प्रत्यक्षात एकाच वाटेने धावत. एका थ्रेडने सीमधले फंक्शन बोलावले, की बाकीचे सारे उभे. म्हणून रुबीसोबत रिझॉल्व्ह ही रुबीतच लिहिलेली लायब्ररी मिळे आणि तिच्या जोडीला रिझॉल्व्ह-रिप्लेस. ही दुसरी एका ओळीत जोडली की नावाची प्रत्येक विचारणा सीऐवजी रुबीतून होई. मूळ फंक्शनचा खोळंबा मधेच तोडता येण्याची सोय रुबीत यायला डिसेंबर २०२३ ची ३.३ आवृत्ती उजाडावी लागली.

२१/
पण स्वतःचा रिझॉल्व्हर लिहिणाऱ्याच्या वाट्याला तिसरे गृहीतक येते : विश्वास. डीएनएसच्या प्रश्नावर एक क्रमांक असतो, ० ते ६५,५३५ मधला. उत्तरावर तोच क्रमांक असला की ते खरे मानायचे. क्रमांक ओळखता आला, तर तिऱ्हाईत माणूस खऱ्या सर्व्हरच्या आधी खोटे उत्तर धाडू शकतो. मग बँकेचे नाव विचारणारा प्रोग्रॅम चोराच्या यंत्राशी बोलू लागतो आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

२२/
डॅन कॅमिन्स्की यांना २००८ मध्ये हा हल्ला काही सेकंदांत साधण्याची युक्ती सापडली. त्यांनी ती लगेच जाहीर केली नाही. ३१ मार्च २००८ रोजी रेडमंड येथे मायक्रोसॉफ्टच्या आवारात सोळा जाणकार गुप्तपणे जमले आणि ८ जुलैला अनेक कंपन्यांनी एकाच दिवशी दुरुस्ती प्रसिद्ध केली. उपाय असा, की क्रमांकाबरोबर प्रश्न ज्या पोर्टातून निघतो तोही दर वेळी यादृच्छिक असावा. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या डीजेबीडीएनएसमध्ये हे वर्षानुवर्षे होत होते. फार थोड्यांनी तिकडे लक्ष दिले होते.

२३/
या कथेत मोठ्या सर्व्हरांची नावे नेहमी येतात, स्क्रिप्टिंग भाषांची क्वचित. वास्तविक त्यांच्या लायब्रऱ्याही उघड्या पडल्या होत्या. पर्लच्या नेट-डीएनएसमध्ये क्रमांक ठरावीक अंतराने वाढत जात आणि एका सर्व्हरच्या अनेक शाखा एकाच क्रमांकापासून सुरुवात करू शकत. ते आदल्या वर्षीच, २००७ मध्ये, ०.६० आवृत्तीत सुधारले गेले. रुबीच्या रिझॉल्व्हसाठी ऑगस्ट २००८ मध्ये इशारा निघाला आणि क्रमांक व पोर्ट दोन्ही यादृच्छिक करण्यात आले. पायथॉनची पायडीएनएस ही लायब्ररीही त्याच रांगेत होती. खोळंबा चुकवण्यासाठी लिहिलेल्या लायब्ररीवर सुरक्षेचे ओझे येऊन पडले होते.

२४/
मग जुन्या फंक्शनकडेच परतावे का? २७ जानेवारी २०१५ रोजी क्वालिस या कंपनीने ‘घोस्ट’ नावाची त्रुटी जाहीर केली. ते नाव गेटहोस्ट या शब्दावरूनच आलेले. लिनक्सच्या ग्लिबसी या मूळ लायब्ररीत, दिलेले नाव म्हणजे आधीच अंकी पत्ता तर नाही ना, हे पाहणारा एक तुकडा होता. जागेचा हिशेब करताना त्यात एका पॉइंटरइतकी जागा कमी धरली गेली होती : ३२ बिटांच्या यंत्रावर ४ बाइट, ६४ बिटांच्या यंत्रावर ८. नोव्हेंबर २००० च्या २.२ आवृत्तीपासून ही चूक होती. मे २०१३ मध्ये ती दुरुस्तही झाली, पण तिचे सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्व ओळखले न गेल्याने लांब मुदतीच्या अनेक लिनक्स वितरणांत जुनीच प्रत राहिली.

२५/
ही चूक बाहेरून कशी गाठायची? केवळ अंक आणि टिंबे असलेले, हजाराहून अधिक अक्षरांचे ‘नाव’ फंक्शनला द्यायचे. क्वालिसने एक्झिम या टपाल सर्व्हरवर ते करून दाखवले. सुरक्षा अभ्यासकांनी लगोलग वर्डप्रेसकडे बोट दाखवले. त्यात दुसऱ्या संकेतस्थळाकडून आलेला दुवा तपासताना पीएचपीचे गेटहोस्टबायनेम बोलावले जाई आणि दुव्यातले नाव परक्याने दिलेले असे. डीएनएसच्या नियमानुसार कोणतेही नाव २५५ बाइटांपलीकडे जाऊच शकत नाही. ही मर्यादा आपल्या आवरणातच तपासण्याची तजवीज पीएचपीने फेब्रुवारी २०१५ मध्ये केली. पातळ आवरणाखाली काय आहे, याचा विचार तोवर झालाच नव्हता.

२६/
दरम्यान आयपीव्ही ६ आले होते. गेटहोस्टबायनेम व्यवहारात जुन्या चार बाइटांच्या पत्त्यापुरतेच. एप्रिल १९९७ च्या आरएफसी २१३३ मध्ये गेटअ‍ॅडरइन्फो हे नवे फंक्शन मांडले गेले. ते दोन्ही प्रकारच्या पत्त्यांची क्रमवार यादी देते. २००८ च्या पोझिक्स मानकातून जुने फंक्शन वगळलेही गेले. तरी पीएचपी आणि पायथॉनमध्ये ते आजही नांदते आहे आणि पायथॉनच्या दस्तऐवजात त्याखाली आयपीव्ही ६ चालत नसल्याची सूचना आहे. नव्या फंक्शनने ‘एकच पत्ता’ हे गृहीतक मोडले. ‘थांबून राहा’ हे मात्र तसेच ठेवले.

२७/
नोव्हेंबर २००९ मध्ये बर्लिनच्या जेएसकॉन्फ परिषदेत रायन डाल यांनी नोडजेएस मांडले, ते नेमके थांबण्याविरुद्ध. फाइल असो वा जाळे, कशासाठीही प्रोग्रॅमने अडून राहायचे नाही, ही त्याची प्रतिज्ञा. नावाच्या बाबतीत प्रतिज्ञेला पळवाट काढावी लागली. नोडमध्ये दोन वाटा आहेत. ‘लुकअप’ ही नेहमीची वाट आतून गेटअ‍ॅडरइन्फोच बोलावते; ते थांबून राहणारे असल्याने पाठीमागच्या थ्रेडांच्या ताफ्यात ढकलले जाते. ताफ्यात मुळात चारच थ्रेड आणि फाइली वाचण्याचे कामही त्यांच्याकडेच. चार नावांची उत्तरे रखडली, की पाचव्याला साधी फाइलही उघडता येत नसे.

२८/
दुसरी वाट ‘रिझॉल्व्ह’ ही सी-एरिस या लायब्ररीवर चालते. एमआयटीतील ग्रेग हडसन यांची मूळ एरिस लायब्ररी पुढे कर्लचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग यांनी वाढवली, तीच ही. ती थांबत नाही. पण ती थेट जाळ्यात विचारते, यंत्रावरची होस्ट्स फाइल पाहत नाही. म्हणजे १९८३ ची फाइल हवी असेल, तर १९८३ चा खोळंबाही पत्करावा लागतो.

२९/
पत्त्यांच्या क्रमानेही एकदा गोंधळ घातला. ऑक्टोबर २०२१ च्या नोड १७ पर्यंत जुन्या प्रकारचे पत्ते यादीत आधी ठेवले जात. त्या आवृत्तीने यंत्रणेने दिलेला क्रम जसाच्या तसा ठेवायचे ठरवले. अनेक यंत्रांवर लोकलहोस्ट या नावाचा पहिला पत्ता आयपीव्ही ६ चा होता, तर विकसकांचे सर्व्हर जुन्या पत्त्यावर कान देऊन बसलेले. आदल्या दिवशी चालणारे प्रोग्रॅम ‘जोडणी नाकारली’ म्हणू लागले, तेही स्वतःच्याच यंत्राशी बोलताना.

३०/
भारताची फांदी या वृक्षाला ८ मे १९८९ रोजी जोडली गेली. डॉट-इन नावांचे काम मुंबईत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होते. श्रीनिवासन रमाणी हे त्याचे प्रमुख. २००५ च्या आरंभापासून नोंदणी सर्वांना खुली झाली. नावे मात्र रोमनमध्येच, फाइनलर यांच्या काळातल्या नियमांप्रमाणे.

३१/
देवनागरी नावांसाठी यंत्रणा बदलली नाही; पुन्हा एकदा आवरण चढवले गेले. २००३ मध्ये आलेल्या प्युनिकोड पद्धतीने देवनागरी नाव रोमन अक्षरांच्या एका विचित्र माळेत रूपांतरित होते आणि डीएनएसला ती माळच विचारली जाते. ऑगस्ट २०१४ मध्ये डॉट-भारत हे देवनागरी डोमेन खुले झाले. मराठी आणि कोंकणी त्यात आहेत. रूपांतर कोणी करायचे? विचारणाऱ्या प्रोग्रॅमने, म्हणजे पुन्हा त्याच एका ओळीने.

३२/
येथे मराठीची एक खास अडचण आहे. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे दोन निराळे शब्द. एक गुरूला, दुसरा स्वयंपाक्याला. फरक रफार आणि चंद्रकोरीसारख्या अर्ध्या र चा. संगणकावर हा दुसरा र दोन रीतींनी लिहिला जातो : नुक्त्याचा ऱ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा, न दिसणारा एक जोडक वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

३३/
२००३ चे नियम रूपांतर करताना हा जोडक निरुपयोगी समजून गाळून टाकतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित नियमांनी तो हलन्तापुढे मान्य केला, कारण भारतीय लिप्यांत त्याने शब्द बदलतो हे ध्यानात आले. पायथॉनच्या अंगभूत सॉकेटमध्ये अजून २००३ चेच नियम आहेत. रिक्वेस्ट्स ही लोकप्रिय लायब्ररी मात्र किम डेव्हिस यांच्या लायब्ररीच्या आधारे नवे नियम पाळते. परिणामी एकाच प्रोग्रॅममध्ये, एकाच फाइलीतून, जोडक असलेले तेच नाव दोन ओळींनी विचारले, तर डीएनएसकडे दोन वेगवेगळ्या माळा जातात. रिक्वेस्ट्स आचाऱ्याला शोधते, सॉकेट आचार्यांच्या दारी जाऊन उभे राहते आणि तेथे कोणी असलेच, तर त्यांचा पत्ता बिनतक्रार घेऊन येते.